शुक्रवारी जलसा, सर्वांनी यावे

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, दुपारची सुट्टी व्हायच्या आधी, आमच्या शाळेच्या मोठ्या गुरुजींना तालुक्याच्या पोलीस ठाण्यावर बोलावणे आले. कारण शाळेच्या बातमीफळ्यावर लिहिलेला एक शब्द होता. दुसरे महायुद्ध चालू होते. धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कागदांत त्याचे नाव उस्मानाबाद होते.

शाळा तुळजापूर-सोलापूर रस्त्याच्या कडेला, तामलवाडीच्या अलीकडच्या एका गावात होती. तामलवाडी ओलांडून थोडे पुढे गेले की संस्थानाची हद्द संपत असे आणि इंग्रजांचा मुलूख लागे. चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. मोठे गुरुजी तिसरी-चौथी घेत, मी पहिली-दुसरी घेई. खोल्या गावातल्या लिंगायत दुकानदाराच्या होत्या. त्यांना सगळे आप्पा म्हणत. शाळा निघण्यापूर्वी तिथे भुईमुगाची पोती रचलेली असत आणि पावसाळ्यात अजूनही भिंतींना शेंगांचा वास सुटे.

शाळा खासगी होती. सरकारी शाळा तालुक्याला होती आणि तिथे वरचे शिक्षण उर्दूतून चाले. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे, तिला इजाजत म्हणत. आमची इजाजत तात्पुरती होती. ती त्या वर्षी संपत होती आणि पौषात तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर शाळा राहणार की जाणार हे ठरणार होते. त्या सोमवारपर्यंत पोलिसांचा एकही कागद शाळेच्या नावावर नव्हता.

बातमीफळा ही मोठ्या गुरुजींची कल्पना. रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीवर काजळी आणि खळ एकत्र करून एक चौकोन सारवला होता. चौथीतले मूल रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यावर दोन-तीन ओळी लिही. कुणाची म्हैस व्याली, कुठल्या विहिरीचे पाणी गढूळ झाले, उद्या कोणता सण, परवा कुणाची परीक्षा. मागचे आणि पुढचे, दोन्ही. गुरुजींचे नियम दोन होते. पाहिलेली बातमी सरळ लिहायची, ऐकलेल्या बातमीपुढे ‘असे कळते’ लिहायचे, हा पहिला. गावात जो शब्द बोलतात तोच फळ्यावर लिहायचा, हा दुसरा. ‘उपाहार’ लिहिलेले त्यांनी एकदा पुसायला लावले होते आणि ‘न्याहारी’ लिहून घेतले होते. मी पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली. तिथे मला यापेक्षा वेगळे फारसे शिकावे लागले नाही.

ज्यांना वाचता येत नसे ते फळ्यासमोर थांबत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेत. दुपारनंतर त्या ओळी तोंडी तामलवाडीपर्यंत पोहोचत.

त्या वर्षी गुरुजींनी ठरवले की मुलांनी पाठ केलेल्या कविता आणि बसवलेले दोन संवाद पालकांसमोर म्हणून दाखवावेत. रॉकेल मिळत नव्हते, म्हणून कार्यक्रम दिवसा घ्यायचा. शुक्रवारी संस्थानात सुट्टी असे, म्हणून शुक्रवार. गुरुवारी फळ्यावर लिहिले गेले: ‘पुढच्या शुक्रवारी शाळेत स्नेहसंमेलन. सर्वांनी यावे.’

शनिवारी शाळा उघडली तेव्हा फळ्याबद्दल दोन चौकशा झालेल्या होत्या. एका बाईने विचारले होते की संमेलनाला शिधा घरून आणायचा का. आप्पांच्या दुकानात एकजण म्हणाला होता की संमेलन नावाचे कुणी साहेब येणार आहेत. आप्पांनी हे हसत सांगितले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळा लिहिणाऱ्या मुलीला बोलावले. ती चौथीत होती, अक्षर टपोरे होते आणि आवाज चांगला होता. एक कविता तिने एकटीने म्हणायची असे ठरले होते.

गुरुजींनी तिला विचारले की गाण्याचा, सोंगांचा कार्यक्रम असला तर तुमच्या घरी त्याला काय म्हणतात.

“जलसा,” ती म्हणाली.

गुरुजींनी तोच शब्द लिहायला सांगितला. जुनी ओळ पुसली गेली आणि नवी लिहिली गेली: ‘शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शाळेत मुलांचा जलसा. सुरुवातीला मोठे गुरुजी बोलतील. सर्वांनी यावे.’ त्या दिवशी कुणी काही विचारले नाही. सगळ्यांना समजले.

रविवारी ठाण्याचा जमादार करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याकडे जाताना पाणी प्यायला आप्पांच्या दुकानाशी थांबला. तो वयस्कर होता, पायी हिंडे आणि गावात ओळखीचा होता. त्याला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. फळ्यासमोर माणसे उभी होती. त्याने एकाला वाचायला सांगितले. त्या माणसाने मोठ्याने वाचले. जमादाराने पुन्हा वाचायला लावले आणि खिशातून कागद काढून उर्दूत लिहून घेतले. हे मी पाहिले नाही, आप्पांनी सांगितले.

संस्थानात परवानगीशिवाय सभा भरवायला बंदी होती. परवानगीचा अर्ज तालुक्याला द्यायचा, तो तिथून जिल्ह्याला जाई आणि कधी परत येईल हे कुणी सांगत नसे. विनापरवाना सभा भरली तर भरवणाऱ्याला अटक होई आणि जागेला कुलूप लागे. आणि उर्दूत सभेला शब्द आहे जलसा.

सोमवारी मी मोठ्या गुरुजींबरोबर ठाण्यावर गेलो. शाळेतली मुले आप्पांनी घरी सोडली. निघताना ती मुलगी फळ्याजवळ उभी होती. तिने विचारले, “गुरुजी, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का?”

“नाही. शब्द बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले.

ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, तरुण होते. त्यांनी आवाज चढवला नाही, गुरुजींना बाकावर बसायला सांगितले. मला कुणी काही सांगितले नाही, म्हणून मी उभा राहिलो. समोर जमादाराचा कागद होता. गुरुजींचे शिक्षण जिल्ह्याच्या शाळेत उर्दूतून झाले होते, त्यामुळे दुभाष्या लागला नाही.

“जलसा किस का है?” अमिनांनी विचारले.

“बच्चों के गानों का, साहब.”

“और तक़रीर आप की.”

गुरुजींनी सांगितले की तकरीर, म्हणजे भाषण, होणार नाही, पाहुण्यांना या-बसा म्हणण्याइतकेच आपण बोलणार आहोत. आमच्या गावात गाणे-बजावणे असले की त्यालाच जलसा म्हणतात, सभेला कुणी म्हणत नाही. अमिनांनी शांतपणे ऐकून घेतले.

“हमारे दफ़्तर में जलसे के एक ही माने हैं, मास्टर साहब.”

त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. परवानगी नसेल तर शुक्रवारी शाळेत सभा भरता कामा नये, भरली तर तिथूनच गुरुजींना ठाण्यावर आणले जाईल आणि शाळेला कुलूप लागेल. तो शब्द फळ्यावर पुन्हा दिसता कामा नये, कुठल्याही वाक्यात नाही. आणि सरकारने मुलांची गाणी बंद केली असेही कुठे लिहायचे नाही, कारण सरकारने काहीच बंद केलेले नाही. गुरुजींनी विचारले की हे लेखी मिळेल का. अमीन म्हणाले की न दिलेल्या हुकुमाचा कागद नसतो.

 परतताना गाव दिसू लागल्यावर गुरुजी म्हणाले की आता रद्द कोणत्या शब्दात करायचे.

अडचण तीच होती. ‘जलसा होणार नाही’ असे लिहायचे तर तो शब्द लिहावा लागत होता. ‘संमेलन होणार नाही’ लिहिले तर कुणाला समजणार नव्हते, आणि समजले तरी संमेलन नावाचे साहेब येणार नाहीत एवढेच समजले असते. मंगळवारी सकाळी फळा धुतला गेला आणि गुरुजींनी स्वतः एक ओळ लिहिली: ‘शुक्रवारी शाळेला सुट्टी. शाळा बंद राहील.’

ती ओळ लोकांनी वाचली आणि कुणाच्याही मनात काही बदलले नाही. शुक्रवारी शाळेला सुट्टी असतेच. सुट्टी आहे म्हणूनच जलसा ठेवला आहे, असे दुकानात एकाने दुसऱ्याला समजावून सांगितलेले मी ऐकले.

मग तोंडी निरोप धाडायचे ठरले. प्रत्येक मुलाने घरी सांगायचे की शाळेत जलसा नाही. तामलवाडीला बाजारासाठी निघालेल्या एका शेतकऱ्याबरोबर तोच निरोप दिला. बुधवारी संध्याकाळी तो परत आला. निरोप सांगितला का, असे गुरुजींनी विचारल्यावर तो म्हणाला, सांगितला, समद्यांना सांगितला.

“काय म्हणाले लोक?”

“म्हनले, बरंय. शाळंत दाटी व्हती. भाईर मोकळ्यात लई झ्याक व्हईल.”

शाळेत जलसा नाही, याचा अर्थ शाळेबाहेर आहे, असा निघाला होता.

आप्पा गुरुवारी सकाळी शाळेत आले. अंगात सदरा होता, पण डोक्याला पटका बांधायचे विसरले होते. ते घाबरले की कानडीत बोलत.

“ब्याड्री, गुरुजी, ब्याड,” ते म्हणाले, म्हणजे नको. मग मराठीत आले. तुम्ही शुक्रवारी गावात थांबू नका, परंड्याला घरी जा, तुम्ही नसला तर कुणाला धरतील? गुरुजींचे घर परंड्याला होते. त्यांनी सांगितले की मी नसलो तर जागेच्या मालकाला धरतील.  आप्पा म्हणाले, मग थांबा.

त्याच दिवशी गुरुजींनी मला तिसरी-चौथीची पुस्तके दिली आणि कोणत्या विषयात कुठपर्यंत झाले आहे ते दाखवले. अपूर्णांक कच्चे आहेत, तिथून पुन्हा सुरू करा, म्हणाले. शुक्रवारी सकाळी ते आले तेव्हा हातात एक गाठोडे होते. धोतर, पंचा, तांब्या. ते त्यांनी आप्पांच्या दुकानात मापाच्या शेजारी ठेवले.

जमादार दुपारी आला, बरोबर दोन जवान होते. शाळेला कुलूप होते. जमादाराने कुलूप ओढून पाहिले आणि लिंबाखाली दगडावर बसला. आप्पांनी तिघांना चहा दिला आणि विचारले की किती माणसे जमली म्हणजे जलसा झाला असे धरता.

जमादार म्हणाला, “आदमी नइँ गिनते, आप्पा. सब बैठे, एक खड़ा होके बोल्या, तो जलसा. रस्ता सरकार का, रस्ते से कोई बी जाओ.”

आप्पांनी हे जसेच्या तसे येऊन सांगितले. गुरुजींनी ते दोनदा विचारून घेतले. मग ते शाळेच्या पायरीवर बसले आणि म्हणाले की आता काही झाले तरी आपण उठणार नाही. लोकांना मी आणि आप्पांनी सांगायचे की घरी जा, आणि जे जाणार नाहीत त्यांना सांगायचे की बसू नका.

उन्हे कलायला लागल्यावर लोक यायला लागले. आधी गावातली चार घरे, मग वस्तीवरची माणसे, बायका, कडेवर पोरे. सगळी न्हाऊन, धुतलेली लुगडी-धोतरे नेसून आली होती. आम्ही प्रत्येकाला सांगत होतो की आज काही नाही, परत जा. ते मान हलवत, कुलपाकडे पाहत आणि थांबत. जवानांकडे पाहून काहीजणांना वाटले की बंदोबस्त ठेवला आहे म्हणजे काहीतरी मोठे असणार.

“आगा बसू नगा. हुबं ऱ्हावा, न्हाय तर चालत ऱ्हावा,” आप्पा सांगत होते.

“पाय दुकत्यात की, आप्पा.”

“दुकू द्या. बसला की गुरुजी गेले.”

ज्यांना आप्पांनी हे सांगितले त्यांनी पुढच्यांना सांगितले. थोड्या वेळाने रस्त्यावर एक चमत्कारिक दृश्य होते. चाळीसेक माणसे उभी होती किंवा इकडून तिकडे फिरत होती, आणि ज्यांनी उभे राहून बोलायचे ते एकटे पायरीवर बसून होते. कुणी नमस्कार केला तर गुरुजी बसूनच हात जोडत. वडीलधाऱ्यांनाही.

मग लिंबाच्या पलीकडच्या अंगाला एक म्हातारा शेतकरी बसला. तो दुसऱ्या गावाहून आला होता, त्याला कुणी काही सांगितले नव्हते. तो बसला म्हणून त्याच्या बरोबरचे दोघे बसले. त्यांना पाहून बायकांनी पोरे खाली सोडली आणि त्याही टेकल्या. बघता बघता निम्मी माणसे शाळेकडे तोंड करून बसली. एका जवानाने जमादाराला कोपराने ढोसले. जमादाराने चहाची कपबशी खाली ठेवली.

गुरुजींना समोर बसलेली माणसे दिसली आणि ते उठायला लागले. वर्ग चुकीचा बसला की ते असेच उठत. आप्पा त्यांच्या शेजारी होते. त्यांनी दोन्ही हात गुरुजींच्या खांद्यांवर ठेवले आणि दाबून धरले.

“उठू नगासा, गुरुजी.”

गुरुजी अर्धे उठलेले तिथेच थांबले आणि मग परत बसले. मी लिंबाकडे गेलो, म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उभा केला. तो रागावला. बाकीचे एकेक करून उठले. जमादार उभा राहिला होता. तो पायरीकडे पाहत होता, लोकांकडे नाही. गुरुजी बसलेले दिसल्यावर तोही परत दगडावर बसला.

तेवढ्यात तामलवाडीकडून एक बैलगाडी आली. गाडीत फळा लिहिणाऱ्या मुलीची आत्या होती. ती तामलवाडीला दिलेली होती आणि भाचीचे गाणे ऐकायला जावांना, सासूला घेऊन आली होती. तिने गाडीतूनच सगळीकडे पाहिले आणि गुरुजींना विचारले,

“आवो मास्तर, जलसा कुटाय?”

रस्त्यावरचे बोलणे थांबले. लोक जमायला लागल्यापासून तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.  जमादार उठून गाडीजवळ गेला, खिशातून कागद आणि पेन्सिल काढली.

“बाई, कशाचा जलसा?” त्याने मराठीत विचारले.

“कशाचा म्हंजी? ढोलकी कुटाय? तुनतुनं कुटाय? पोरीनं सांगावा धाडला, शाळंत जलसा हाय. मोप खटपट करून बैलं जुपली. हितं बगावं तर समदी हुबी, मयताला आल्यावानी.”

“बोलनार कोन व्हतं?”

“जलशात बोलतंय कोन? गात्यात. सोंग आनत्यात. तुमी कवा जलसाच बगितला न्हाय व्हय, जमादार?”

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. जमादाराने पेन्सिल कागदावर टेकवलेली होती. 

“देख्या ना,” तो म्हणाला. “सोलापूर में देख्या.”

“मंग? ह्याला जलसा म्हनायचं का? तुमीच सांगा.”

 जमादाराने लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होता. मग मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याचे मराठीही सांगितले. बाईचे म्हणणे असे की ती गाणी आणि सोंगे बघायला आली, तिला जलशाचा हाच अर्थ ठाऊक आहे, इथे तिला ढोलकी दिसली नाही, तुणतुणे दिसले नाही, कुणी बोलताना दिसले नाही, शाळेला कुलूप आहे. खाली आत्याचा अंगठा घेतला. शाई आप्पांच्या दुकानातली होती.

अंगठा पुसता पुसता आत्या म्हणाली की एवढ्या लांब आलोय तर भाचीचे एक गाणे तरी ऐकूनच जाणार. मुलगी गर्दीत आईजवळ उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे. गुरुजी म्हणाले की जमादारांना विचारा.

जमादाराने रस्त्याची दोन्ही टोके पाहिली. एक मूल आपल्या आत्याजवळ गाडीत बसून गायले तर ते कोणत्या कलमात बसते हे त्याला ठाऊक नव्हते, असे त्याने पुढे आप्पांना सांगितल्याचे कळते. त्या वेळी तो एवढेच म्हणाला,

“गाड़ी में बैठ के गाव. ज़मीन पे नक्को.”

मुलगी गाडीत चढली आणि आत्याशेजारी बसली. बैलांचे जू सोडलेले नव्हते. तिने बैलावरची कविता म्हटली. सुरुवातीला आवाज लागला नाही, दुसऱ्या कडव्यापासून लागला. लोक रस्त्याने चालत राहिले. गाडीपाशी आले की पावले सावकाश पडत, पुढे गेले की वळून परत येत. कुणी बसले नाही, कुणी थांबले नाही. गुरुजी पायरीवर बसून होते आणि शब्द चुकेल तिथे सांगावा म्हणून ओठ हलवत होते. एकही शब्द चुकला नाही. कविता संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवायच्या नाहीत असे आप्पांनी आधीच सांगून ठेवले होते.

दिवस मावळायच्या आत रस्ता मोकळा झाला. जमादाराने गुरुजींना बरोबर नेले नाही. त्याने सांगितले की कागद साहेब वाचतील, हुकूम त्यांचा. गुरुजींनी विचारले की हुकूम कधी कळेल. जमादार म्हणाला, मी आलो की.

शनिवारी गुरुजी गाठोडे घेऊनच वर्गात आले. रविवारीही, सोमवारीही. ते खुंटीला टांगलेले असे आणि मुले त्याकडे पाहत. अपूर्णांक त्यांनी स्वतःच पहिल्यापासून सुरू केले होते. रस्त्यावर वहाणा वाजल्या की वर्ग गप्प होई. बातमीफळ्यावर त्या तीन दिवसांत एकच बातमी लागली, ती एका हरवलेल्या शेळीची, आणि तीही दुसऱ्या दिवशी सापडल्याचे लिहिले गेले.

मंगळवारी जमादार आला. एकटा होता. गुरुजी बाहेर गेले, मी खिडकीशी होतो. जमादाराने सांगितले की साहेबांनी बाईचा जबाब वाचला, दोनदा वाचला, हुकूम काही लिहिला नाही आणि फायलीत ठेवला. गुरुजींनी विचारले, म्हणजे काय.

“मतलब, आज कुच नइँ,” जमादार म्हणाला आणि पाणी मागितले.

गाठोडे त्या दिवशी घरी गेले.

पौषात तालीम खात्याचे साहेब तपासणीला आले. सकाळपासून दुपारपर्यंत थांबले. पाढे विचारले, शुद्धलेखन घातले, भिंतींना लागलेल्या ओलीबद्दल विचारले. फळा लिहिणाऱ्या मुलीकडून एक कविता म्हणून घेतली. ती तिने उभे राहून म्हटली. बातमीफळ्यासमोर ते थोडा वेळ उभे होते. तिथे त्या दिवशी लिहिले होते की आज शाळेची तपासणी आहे. पोलिसांच्या फायलीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना ती ठाऊक होती की नाही हे आम्हाला कळले नाही.

इजाजत संक्रांतीनंतर टपालाने आली. एका वर्षाची होती. कागद छापील होता आणि त्याच्या शेवटी शाईने एक ओळ वाढवली होती: ‘इस मदरसे में कोई जलसा न हो.’

आप्पांनी त्याचा अर्थ विचारला. गुरुजींनी कागदाची घडी घातली आणि त्या मुलीला खडू घेऊन बाहेर बोलावले. त्यांनी सरकारी हुकुमाचे मराठी सांगितले आणि तिने ते फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिले: ‘या शाळेत सभा होणार नाही.’